नातीच्या मुलाखतीत माझं तोंड

सौभाग्यवतीस, तुझ्या म्हाताऱ्याचे आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. नातीची मुलाखत मीच बिघडवली, या धास्तीनं लिहायचा धीर होईना. पण घाबरू नकोस, शेवट गोड आहे.

मुलाखत घरीच, लॅपटॉपवर झाली. तिला प्रोग्राम लिहायला दिला होता. मी दाराला कान लावून उभा. आत पोरगी मोठ्यानं म्हणतेय, "हे चुकलं. दुसऱ्या रीतीनं करून बघते." मला वाटलं, संपलं सगळं! दार ढकलून पडद्यावरच्या बाईंना म्हणालो, "बाई, घरी हिला सगळं येतं हो!"

बाई हसल्या. "आजोबा, डोक्यात येईल ते मोठ्यानं बोल, असं आम्हीच सांगितलंय तिला."

नात म्हणाली, "आणि तुम्ही बाहेर बसून मनातल्या मनात बोला!"

त्यानंतर कंपनीकडून काही कळेना. मला घास गोड लागेना. आज सकाळी पोरगी ओरडतच आली, "आजोबा, घेतलं मला!" एवढ्या मोठ्या कंपनीत शिकाऊ म्हणून, गं!

तिथं वेळेवर जेवू देतात ना, विचारलं तर नुसती हसते. तुझे गुडघे कसे आहेत? तुला सांगितल्याशिवाय हा आनंद अर्धाच वाटत होता. लगेच दोन ओळी पाठव.

तुझाच,
घाबरट म्हातारा