यंदा तुळशीचं लग्न पुनवेला

॥ श्री ॥
मालवण, २८ ऑक्टोबर २००६

चि. दिव्या हीस गोदूबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे जागच्या जागी आहेत, मीही. दिवाळीत तू आणि तुझ्या कॉलेजातली ती वानरं दारापुढच्या खळ्यात उकिडवी बसून तुळशीचे फोटो काढत होतात, ते बघून शेजारच्या मथुरेने मला विचारलं की तुळस आजारी आसा काय.

तुम्ही गेल्यावर वृंदावन धुतलं. त्यावर चिकटवलेले कागदाचे ठिपके चुलीत घातले, छान निळा रंग दिला, मंजिऱ्या खुडल्या. गुरुवारी तुळशीचं लग्न. नवरी काय गेरूच्या पोपड्यांत उभी करू?

दुसरं. तुझ्या बापसाने वेंगुर्ल्याच्या माणसांना शुक्रवारी तुला बघायला बोलावलंय. तुळशीचं उरकलं की घरचं, म्हणतो. मला विचारून ठरवलं नाही. साडी मी काढून ठेवते, तोंड तुझं तू आण.

उत्तर कंडक्टर दत्तारामाकडे दे. मथुरेकडे फोन करू नको, ती कान लावून उभी असते.

लोभ आहेच, वाढवलास तर नको म्हणणार नाही.
गोदूबाई

कुडाळ, ३० ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आजीस दिव्याचा कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आत्याच्या ओट्यावर बसूनच राहिले. आजी, तू आमची फिल्म चुलीत घातलीस गो! ठिपका केसभर सरकवायचा, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचा. सगळे फोटो एकामागोमाग पळवले की निळं पाणी मुळातून वर चढतं, पिवळं ऊन पानात उतरतं आणि पान स्वतःचं अन्न तयार करतं. पाणी चढवून झालं होतं, ऊन राहिलं होतं. आता लाल वृंदावन मध्येच निळं झालं तर सगळं फुकट.

सोमवारी जीवशास्त्राच्या सरांना दाखवायची आहे. कॅमेरा आमच्यातल्या प्रियांकाच्या मामाचा, तो रविवारीच मिळेल. तुझ्या घरी करूया हा हट्ट माझा होता, म्हणून प्रियांका माझं नाव काढायचं म्हणते.

याचे गुण प्रात्यक्षिकात धरतात. एका विषयात लटकलीस तर कॉलेज बंद, हे बाबांनी जूनमध्येच सांगितलंय. आणि शुक्रवारी ती माणसं हो म्हणून गेली तर बाबा गुणांचीही वाट बघणार नाहीत. मला शिकायचंय, आजी.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
तुझी दिव्या

मालवण, १ नोव्हेंबर

चि. दिव्या हीस आशीर्वाद. वि. वि.

शाई पसरलीय. पुढच्या वेळी आधी रड आणि मग लिही.

ठिपके ठेवायचे होते तर सांगायचं होतंस, माका काय स्वप्न पडतं? तरी काल नारळाच्या सोडणाने निळा रंग घासून काढला. नखं गेली. वर पातळ गेरूचा हात दिला. पूर्वीसारखं कळकट दिसतं. मंजिऱ्या मथुरेच्या तुळशीच्या आणून दोऱ्याने बांधल्यात. तिला सांगितलं नाही.

भटजींना म्हटलं, आमच्याकडे लग्न पुनवेला, रविवारी. पुनवेपर्यंत चालतं हे त्यांना ठाऊक, तरी कुरकुरले. मग तुझा बापूस सत्यवान अंगावर आला, म्हणाला माझी अब्रू जाईल. मी म्हटलं, तुळस बिनलग्नाची असताना या घरात दुसऱ्या लग्नाचा शब्द कधी निघालेला नाही. मोडायचं तर तू मोड, आणि वाडीला तूच सांग. न जेवता गेला. वेंगुर्ल्याला कळवलं की नाही, बोलत नाही. शुक्रवारी मी दारातच बसणार आहे.

रविवारी उजाडताच वानरं घेऊन ये. दिवेलागणीच्या आत आटपा. मग नवरी माझी. अर्धं राहिलं तर सबब ऐकणार नाही.

माया आहे, ती लिहून दाखवायची सवय नाही.
गोदूबाई

कुडाळ, ६ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप आजीस सा. न. वि. वि.

फिल्म दाखवली. पाणी चढलं, ऊनही उतरलं. मंजिरीचा दोरा दिसला, त्याचे गुण सरांनी कापले, पण पास केलं. प्रियांकाने नावांत माझं नाव पहिलं लिहिलं.

काल माडाची सावली तुळशीवर आली तेव्हा मी आशा सोडली होती. बाबांना अंतरपाट धरून उन्हात उभं राहायला तू सांगितलंस का? त्या पांढऱ्या कापडाचा उजेड पानांवर पडला म्हणून शेवटचे फोटो निघाले. कडेला त्यांची बोटंही आलीत. वेंगुर्ल्याचं विचारायचा धीर मात्र झाला नाही.

आशीर्वाद असू दे.
दिव्या

मालवण, ८ नोव्हेंबर

चि. दिव्या हीस आशीर्वाद.

मी काही सांगितलं नाही. तो सकाळपासून पडवीत बसून तुमचा खेळ बघत होता. सावली आली, तुझं तोंड बघितलं आणि उठून कापड माझ्या हातातून ओढून घेतलं. रात्री तेच कापड तुळशीपुढेही त्यानेच धरलं.

शुक्रवारच्या माणसांना त्याने आधीच पुनवेनंतर यायला सांगितलं होतं. काल मथुरेकडून त्यांना पुन्हा फोन केला, म्हणून सगळ्या वाडीला ठाऊक आसा. मुलगी शिकतेय, परीक्षा झाल्यावर बघू, म्हणाला. नाही म्हटलेलं नाही, तेव्हा उड्या मारू नको. अभ्यास कर.

अंतरपाट धुतला. गेरूचा डाग गेला नाही. पेटीच्या तळाशी घातलाय, वर गोधड्या रचल्यात. लवकर हाताला लागायचा नाही.

खुशाली कळवत जा.
गोदूबाई