डाव्या हाताने लागलेला मासा

शनिवार, ८ एप्रिल २००६

आज विवेकचं कौतुक लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या या नवऱ्याचा उजवा हात लुळा पडला, तो पडलाच. तेव्हापासून हा बँकेतला माणूस आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, डाव्या हातात काठी धरून गळ फेकायला शिकत होता. मी त्याला वेड्यात काढत होते. का काढलं?

आज पहिल्यांदाच रिझर्व्हायरच्या तलावावर मासे धरायला गेलो. पाऊस थांबला आणि वाळवीचे पंखवाले किडे उठून पाण्यावर पडू लागले. मासे वर येऊन ते टिपत होते. विवेकने तसाच दिसणारा, दोऱ्या-पिसांचा खोटा किडा गळावर बांधायला घेतला. डाव्या हाताने आणि दातांनी.

"दे, मी बांधते."

"थांब गं, जमेल."

जमलं. पण मासे त्या किड्याकडे फिरकेनात. वाटलं, आता चिडेल. तो मात्र काठावर बसून पाणी न्याहाळत राहिला.

"अगं, पाण्यात पडल्यावर यांचे पंख गळतायत. माझ्याला अजून आहेत!"

दातांनीच त्याने पंख तोडले. डावा हात वर गेला, दोर लांब पसरला आणि मासा लागला. काय दिसत होता तो तेव्हा!

मासा सोडवायला मात्र दोन हात लागतात. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी चिखलात गुडघे टेकून मासा धरला, त्याने गळ काढला. मासा पाण्यात सटकला तेव्हा विवेक खदखदून हसला. आजारपणानंतर त्याचं असं हसणं मी आज पहिल्यांदाच ऐकलं.