चढावरचे घर छुआंगीला

मी, सायथांगपुई, कै. ह्रांगछुआना यांची पत्नी, वय पंचाहत्तर, धंदा विणकाम, राहणार तुइलुंग, जिल्हा सेरछिप, मिझोराम, हे मृत्युपत्र लिहवून ठेवीत आहे. लिहिणारा हात लियानझुआला मास्तरांचा आहे, कारण माझी बोटे दोऱ्याला अजून चालतात पण पेन धरले की थरथरतात. शब्द मात्र माझे. डोके शाबूत आहे. खात्री करून घ्यावी म्हणून मास्तरांनी मला आज तारीख काय असे विचारले, तेव्हा मी त्यांना त्यांच्या लग्नात कापलेल्या डुकराचे वजन सांगितले. कोणी मला धाक घातलेला नाही, कोणी फूस लावलेली नाही. याआधी मी असा कोणताही कागद केलेला नाही.

१. घर. गावाच्या वरच्या टोकाला, चर्चच्या मागच्या चढावर असलेले, पुढून जमिनीला टेकलेले व मागून सोळा खांबांवर उभे असलेले, पत्र्याच्या छपराचे माझे राहते घर, खालच्या डुकराच्या खुराड्यासह व पाण्याच्या टाकीसह, मी माझी सून वानलालछुआंगी हिला देत आहे. ते पूर्णपणे तिचे. तिने ते ठेवावे, विकावे किंवा मोडून नवे बांधावे.

आमच्या रीतीप्रमाणे घर धाकट्या मुलाकडे जाते. मला एकच मुलगा, म्हणजे थोरला तोच आणि धाकटाही तोच. तरीही घर सुनेला. याचे कारण लिहून ठेवणे भाग आहे, नाहीतर म्हातारीला भ्रम झाला होता असे लोक म्हणतील.

एकोणीस वर्षांची असताना माझे लग्न कापथांगाशी झाले. तो दिसायला फार देखणा होता आणि तेवढेच त्याचे काम होते. बंडाच्या काळात आमचे जुने गाव लष्कराने रिकामे करून सगळ्यांना रस्त्याकडेच्या वस्तीत आणून कोंबले होते, तिथल्या झोपड्यांपैकी एकीत आम्ही राहत होतो. तिसऱ्या वर्षी एका दुपारी मी त्याला मित्रांदेखत विचारले, "छपराला गवत कधी आणणार?" त्याने मान न वळवता म्हटले, "तुला सोडलं."

एवढे पुरते. आमच्यात नवऱ्याने हे शब्द उच्चारले की लग्न संपायचे, आणि बाईने अंगावरच्या कपड्यानिशी निघायचे. सासू भात वाढत होती. तिने वाढणे थांबवले नाही, फक्त माझ्या ताटात वाढले नाही. मी माझा कमरेचा माग गुंडाळून काखेत घेतला आणि लग्नात आणलेला काळा पुआन काढला. प्रत्येक नवरी हे वस्त्र आणते, नवरा मेला की त्याच्या अंगावर घालायला. सासू म्हणाली, "तो ठेवून जा. तो आमचा."

मी म्हटले, "यानं मला जिवंतपणी सोडलं. मेल्यावर मी याला कशाला पांघरू?"

माझ्या आयुष्यातले हे पहिले चांगले उत्तर. दुसरे सुचायला बरीच वर्षे गेली.

आईच्या घरी भावजय होती, त्यामुळे मी दहा वर्षे कोपऱ्यात बसून विणत राहिले. माग खांबाला बांधायचा आणि दुसरा पट्टा कमरेला, म्हणजे जागा फार लागत नाही. माझे पुआन सेरछिपला जाऊ लागले, मग ऐझॉलला. १९८१ साली गाव-परिषदेने भूखंड वाटले, तेव्हा हा चढ कोणालाच नको होता. "तिथं बकरीसुद्धा बसून चरते," असे थांगझामा म्हणाला. थांगझामा म्हणजे माझ्या दुसऱ्या नवऱ्याचा, ह्रांगछुआनाचा चुलतभाऊ, पण तेव्हा तो माझा कोणीच नव्हता, तरी बोलायचा. मी तो चढ मागून घेतला. जागेचा पास, म्हणजे परिषदेने दिलेला मालकीचा कागद, माझ्या नावावर आहे, लाकडी पेटीत, बायबलच्या खाली. कोणीही तपासावा.

दोन वर्षांत खांब उभे राहिले. छपराचे पत्रे ठोकायला शेजारच्या गावाहून ह्रांगछुआना सुतार आला. बोलवले होते आठ दिवसांसाठी. दोन महिने झाले तरी त्याचा एक पत्रा बाकीच. शेवटी एक दिवस शिडीवरून उतरून म्हणाला, "झालं. आता निघू?"

मी म्हटले, "पाऊस पडल्याशिवाय गळतं की नाही कसं कळणार?"

तो बाहेर आभाळाकडे बघून म्हणाला, "म्हणजे मेपर्यंत थांबावं लागेल."

तो सत्तावीस वर्षे थांबला. बायकोच्या घरात राहतो म्हणून गावाने त्याला चिडवले, थांगझामाने तर चर्चच्या पायरीवर. ह्रांगछुआना म्हणायचा, "दादा, पाहुण्याला चहा आधी मिळतो." २०११ साली तो गेला, तेव्हा तो काळा पुआन मी त्याच्या अंगावर घातला.

आता आमच्या मुलाविषयी. लालरेमसांगा, घरात रेमा. बापाचे हात, आणि स्वभाव कुठून आला मला माहीत नाही. २०१३ साली त्याने छुआंगीला घरात आणले. ती खोंबाळ गावची, बापाविना वाढलेली, बोलायला कमी. पहिल्याच आठवड्यात तिने माझ्या मागावरची चूक दाखवली आणि चूक खरी होती. त्यांना रुआती झाली. मग रेमा प्यायला लागला. २०१९ च्या मार्चमध्ये, संध्याकाळच्या जेवणाला, भाजीत मीठ कमी आहे यावरून सुरू झाले आणि तो तिला म्हणाला, "तुला सोडलं."

मी त्या घरातच बसले होते, पण क्षणभर मला ते माझ्या पाठीमागून, अठ्ठेचाळीस वर्षांपलीकडून ऐकू आल्यासारखे वाटले. छुआंगी उठली आणि रुआतीचे कपडे गोळा करू लागली. रडली नाही. तिच्या आईनेही तिला हेच शिकवले असणार.

मी म्हटले, "छुआंगी, बस. रेमा, तू ऊठ."

"आई, हे माझं घर आहे."

"पास कुणाच्या नावावर आहे ते पेटी उघडून बघ, आणि मग ऊठ."

"लोक काय म्हणतील? बायकोला ठेवून घेतलं आणि मुलाला काढलं?"

"हो, हेच म्हणतील. अगदी बरोबर म्हणतील."

तो गेला. त्याच्या मागे दार मी लावले आणि नंतर तीन दिवस मला जेवण गेले नाही, हेही लिहावे. मुलाला काढणे सोपे होते असे कोणी समजू नये.

२. खालच्या ओढ्यापलीकडचा उतार, ह्रांगछुआनाने लावलेल्या संत्र्यांसह, आणि त्याची सगळी हत्यारे, म्हणजे दोन करवती, रंधे, पटाश्या, गुण्या आणि ओळंबा, मी रेमाला देत आहे. पटाश्यांना धार मी दर वर्षी लावून घेतली आहे. सुताराच्या मुलाने सुमो चालवावी, हरकत नाही, पण हात रिकामे ठेवू नयेत.

हे त्याला रागाने थोडेसे दिलेले नाही. चार वर्षे तो चंफाईच्या रस्त्यावर गाडी चालवत होता. मागच्या वर्षी गावात परतला, दारू सोडून. मी आधी विश्वास ठेवला नाही, मग त्याच्या मालकाला विचारले, मग ठेवला. तो गाडीतळाजवळ खोली घेऊन राहतो. आणि गेल्या फेब्रुवारीपासून दर शनिवारी, दाढी करून, केस पाण्याने बसवून, माझ्या घरी येतो. आमच्याकडे पोरगा मुलीच्या घरी जाऊन बसतो, तिच्या आईबापांसमोर गप्पा मारतो, तसा. स्वतःच्याच बायकोला मागणी घालायला! आणि समोर मी बसलेली, मुलाची आई, पण या बाबतीत मुलीकडची.

पहिल्या शनिवारी तो हवेविषयी बोलला. दुसऱ्या शनिवारीही हवेविषयी. तिसऱ्या खेपेला छुआंगी मागावरून मान वर न करता मला म्हणाली, "आई, लोक मागणी घालायला येतात तेव्हा काहीतरी बोलतात. हा नुसता आभाळाचा अंदाज सांगतो."

रेमा म्हणाला, "मला भीती वाटते."

"कशाची?"

"तू नाही म्हणशील याची."

"आणि मी हो म्हणेन याची मला वाटते," छुआंगी म्हणाली. त्या दिवशी दोघे प्रथमच नीट बोलले. उजेड असताना आला, उजेड असताना गेला, असा माझा नियम आहे आणि तो पाळतो.

ती काय ठरवेल ते मला ठाऊक नाही, मी विचारलेले नाही आणि तिच्यावर जोर करण्याची माझी इच्छा नाही. म्हणून स्पष्ट लिहिते: तिने त्याच्याशी पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच, दुसऱ्या कोणाशी केले तरी तिचेच, केलेच नाही तरी तिचेच. "सोडलं" हा शब्द तिच्या कानावर पुन्हा कधी पडला, तर उठायची पाळी तिची नसावी, एवढाच माझा हेतू.

३. माझे तिन्ही माग, फण्या आणि सुताची कपाटे छुआंगी व नात रुआती यांना मिळून. रुआती नऊ वर्षांची आहे आणि तिला विणकाम आवडत नाही, ती फुटबॉल खेळते. तिला जबरदस्तीने बसवू नये. माग वाट बघू शकतो.

४. शेजारीण दारखुमी हिला, माझ्या चांदणीच्या नक्षीचा मूळ नमुना. बारा वर्षांपूर्वी तिने ती नक्षी उचलली आणि ऐझॉलच्या प्रदर्शनात बक्षीस मिळवले. उचलताना तिसऱ्या ओळीत दोन धागे चुकवले, आणि तीच चूक ती बारा वर्षे विकते आहे. मला ते बघवत नाही. आता तिने दुरुस्त करावे. भांडण इथे मिटले.

५. थांगझामा याला काही नाही. त्याने चहाला मात्र येत राहावे, छुआंगी देईल.

६. माझ्या दफनासाठी खड्डा गावातली तरुण मंडळी खणतीलच, ती कोणासाठीही खणतात. त्यांच्या चहात साखर भरपूर घालावी. माझ्या अंगावर घालायचा पुआन छुआंगीने विणला आहे, मला दाखवलेला नाही, पण कपाटाच्या वरच्या फळीवर आहे हे मला माहीत आहे. काठ छान जमला आहे.

७. या कागदाप्रमाणे सर्व पार पाडण्याचे काम लियानझुआला मास्तरांकडे.

शेवटची गोष्ट. काल रविवारी प्रार्थनेनंतर मी रेमाला बोलावून हे सर्व मास्तरांकडून वाचून घेतले, कारण माझ्या मागे त्याला कोणा तिसऱ्याकडून कळावे हे बरे नाही. थांगझामाही न बोलावता आला. ऐकून म्हणाला, "घराण्याचं घर परक्या पोरीला? रेमा, तू कोर्टात जा, मी येतो बरोबर."

रेमा म्हणाला, "काका, घर घराण्याचं कधी होतं? आईचं होतं." आणि मास्तरांना विचारले, "सह्यांच्या खाली थोडी जागा सुटेल का?" मी ती सोडायला सांगितली आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, मला तो पटला, आणि माझा अंगठा नव्हे तर माझी सही मी खाली करीत आहे, वाकडी असली तरी.

सायथांगपुई

तिने आमच्यासमोर सही केली व आम्ही तिच्यासमोर:
१. लियानझुआला, निवृत्त शिक्षक, तुइलुंग
२. रोकिमी, परिचारिका, तुइलुंग

स्थळ: तुइलुंग. दिनांक: ११ नोव्हेंबर २०२४, सोमवार.

मी, लालरेमसांगा, हे ऐकले आहे. मला मान्य आहे. या घरावर मी हक्क सांगणार नाही. मी बोललो तो शब्द परत घेता येत नाही, हे मला कळते. तिचे उत्तर येईपर्यंत मी थांबेन, आणि ते नाही असले तरी रुआतीचा बाप राहीन.
लालरेमसांगा

वाचले. बुधवारी दहा वाजता रुआतीच्या शाळेत आईवडिलांना बोलावले आहे. दोघे जाऊ.
वानलालछुआंगी