कडुनिंबाला टांगलेलं हाड

नागपूर, आषाढ १९८२

तीर्थरूप मधुकररावजी भाऊजींना, दवाखान्याच्या खाटेवरून आपला मेहुणा धनीराम याचा साष्टांग नमस्कार. (उजवा पाय फळीला बांधलेला आहे, तेव्हा एक अंग कमी धरावं.) साकोलीला आपली प्रकृती, दुकान आणि कुंताताईचा दमा, सर्व ठीक असेल अशी आशा करतो. माझी तब्येत उत्तम आहे, पाय तेवढा सोडून.

पायाला नेमकं झालं काय, असं आपण विचारलं होतं. शेतात बांधाचा धुरा घालताना नडगीवर कुदळ बसली, एवढंच निमित्त. जखम वरून भरली, आतून भरली नाही. मग दर पावसाळ्यात तिथे भोक पडायचं, पू यायचा, कधी हाडाची कपची बाहेर यायची, आणि पुन्हा मिटायचं. मिटलं की आई नारळ फोडायची. माझ्या नडगीवर ज्याने काही थापलं नाही असा माणूस आमच्या आसगावात उरला नाही. (भोजराजने गाईच्या खुराचं मलम लावलं. गाय बरी झाली होती म्हणे.) शेवटी इथल्या सर्जनसाहेबांनी पायाचा एक्स-रे फोटो खिडकीकडे धरून दाखवला. जिवंत हाडाच्या पोटात मेलेलं हाड अडकलेलं होतं. त्यात रक्त फिरत नाही, म्हणून औषध तिथवर पोचत नाही, आणि ते काढल्याशिवाय पू थांबत नाही. उन्हाळ्यात ते काढलं. नडगीच्या हाडाच्या नळीला पन्हळीसारखी खाच पाडली, मेलेला तुकडा उचलला, ताजं रक्त दिसेपर्यंत खरवडलं, आणि जखम शिवलीच नाही. उघडी ठेवून आत पट्टी कोंबली. ती खालून भरत वर यावी, वरून मिटली तर पुन्हा तोच खेळ, असं साहेब म्हणाले. जखम मिटावी म्हणून इतके नवस बोललेल्या आईला हे अजून पटलेलं नाही.

खरा घोटाळा पुढे झाला. तो तुकडा रुखमिणीने मागून घेतला. नवऱ्याचं हाड कचऱ्यात जाऊ द्यायला तिचं मन होईना. पांढऱ्या फडक्यात बांधून ती घरी घेऊन गेली, तर आईने दारातच अडवलं. हाड उंबऱ्याच्या आत येत नाही, रीत ती रीत. म्हणून पुरचुंडी अंगणाबाहेरच्या कडुनिंबाला टांगली, आणि रुखमिणी पाण्याला विहिरीवर गेली. आता आपणच सांगा भाऊजी, माणूस नागपूरच्या दवाखान्यात, बायको एकटीच परत आलेली, आणि दारच्या झाडाला पांढरी पुरचुंडी. शेजारच्या सोमाजीने पाहिलं आणि जे समजायचं तेच तो समजला.

घटकाभरात अंगण भरलं. बायांनी रडणं काढलं. आई बाहेर आली, आणि आपल्याला न कळलेलं काही यांना कळलं असावं असं वाटून तीही बसून रडू लागली. तेवढ्यात रुखमिणी पाणी घेऊन आली. "काहून रडून राहिल्या वो तुम्ही? जित्ते आहेत ते!" असं ती ओरडली, तर दुःखाने हिचं डोकं फिरलं म्हणून तिचीच घागर तिच्या डोक्यावर ओतली. गावातल्या वडीलधाऱ्या लक्ष्मणरावांनी चार शब्द सांगितले, की हट्टी होता, पण कोणाचा धुरा कोरला नाही त्याने. (हे मी जिवंतपणी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.) तळ्याच्या पाण्यावरून ज्याच्याशी माझं बोलणं बंद आहे तो घनश्याम झाडाला धरून सर्वांत जास्त रडला. रुखमिणीने पुरचुंडी सोडून तुकडा दाखवला, आणि खरं कळल्यावर सर्वांत जास्त चिडलाही तोच. "मले फुकटचं रडवलं!" म्हणत घरी गेला. पुढे एक दिवस इथे येऊन, चिवड्याचा पुडा उशाशी ठेवून, एक शब्द न बोलता बसून गेला. मला फार बरं वाटलं.

मग हाडाचं करायचं काय, यावर जाणती माणसं बसली. लक्ष्मणरावांनी निकाल दिला, "जित्त्या माणसाचं हाड नदीत कसं सोडता? राहू द्या. बाकीचं आलं का संगंच सोडू." सर्वांना पटलं. मला कोणी विचारलं नाही. पुरचुंडी अजून तिथेच आहे.

बाकी विशेष काही नाही. धानाच्या रोवणीचे दिवस आहेत, आपण सगळं सोडून इकडे धावण्याची मुळीच गरज नाही. ताईला नमस्कार.

आपला,
धनीराम

ता. क. पू पुन्हा आला आहे. मेलेलं हाड आत अजून आहे. मंगळवारी पुन्हा उघडणार. खरवडून भागलं तर भागलं. नळी सगळीच गेलेली निघाली तर पाय कापावा लागेल, हे साहेबांनी मला एकट्याला सांगितलं आहे. घरच्या माणसाची सही लागते. रुखमिणीला सांगायला माझी जीभ रेटत नाही. वरचं 'गरज नाही' खोडलेलं समजावं. भाऊजी, मला भीती वाटते. या.

आणखी एक. वाट वाकडी होईल, पण आधी आसगावला उतरावं. कोणाला न विचारता ती पुरचुंडी झाडावरून काढावी आणि पवनीला वैनगंगेत सोडून मग इकडे यावं. ती तिथे बाकीच्याची वाट पाहत टांगलेली आहे, आणि मला इथे पडल्यापडल्या दिसते. सोडताना तिला माझा निरोप सांगावा, की बाकीचा धनीराम इतक्यात येत नाही.