दोन माणसांचं घर

मलकापूर, १२ नोव्हेंबर १९३४
दिवसभर कापसाच्या गाठी. तीन वॅगन मागितल्या, एक आली. साहेब माझ्यावर ओरडतात आणि व्यापारीही माझ्यावरच. स्टेशनातल्या मालबाबूनं मृदंगासारखं दोन्हीकडून बडवून घ्यायचं.

संध्याकाळी दाजी, माझा चुलतभाऊ, धाडहून गाड्या घेऊन आला. बरोबर करीम मिस्त्री. घराचा गुत्ता, म्हणजे सगळा ठेका, त्यालाच दिला. जागा धाडची, वडिलांच्या वाटणीत मला आलेली. विटा, लाकूड, छपराचे कवेलू, माणसं, सगळं मिस्त्रीचं. एप्रिलअखेर मी निवृत्त होणार आणि तोवर हंगाम सोडून हलता येणार नाही, म्हणून हा मार्ग. मला यायला जमणार नाही हे सांगायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, येऊच नका. "मालक रोज आला का काम बिघडते, बाबूजी. आज दार इकडं, उद्या तिकडं. चाबी देईन तवाच पाय ठेवा."

घर पाहावं बांधून म्हणतात. मी न पाहता बांधणार.

त्याची आणखी एक अट. एक दिवस तुमच्या बिऱ्हाडी बसू द्या म्हणाला. बसून काय करणार? पाहीन, म्हणाला.

१४ नोव्हें.
मिस्त्री सकाळपासून ओसरीत. काही मोजत नाही, काही विचारत नाही. सौ. पाणी कुठून आणते, मी जोडे कुठं काढतो, ऊन कुठवर येतं, हेच बघत बसला. सौ. आधी अवघडली होती. दुपारी त्याला भाकर-बेसन दिलं तोवर सगळं विसरून चुलीच्या धुराची गाऱ्हाणी सांगू लागली होती.

मी जेवायला बसलो तेव्हा ओसरीतून त्यानं विचारलं, "बाबूजी, तिसरा पाट कोनाचा?"

सौ. वाढता वाढता थांबली. मी म्हणालो, कोणाचा नाही.  मी भरभर जेवलो आणि स्टेशनात गेलो.

दोन वर्षं होतील आता. आमच्या एकुलत्या एका मुलाला साहेबांचे पाय धरून मालधक्क्यावर कारकुनी लावून दिली. चार महिन्यांत ती सोडून नागपूरला छापखान्यात खिळे जुळवायला गेला. साहेबांपुढं माझी मान खाली झाली. तेव्हा मी म्हणालो होतो, या घरात तुझा पाट मांडला जाणार नाही. सौ. तो रोज मांडते. मी रोज पाहतो. या वहीत त्याचं नाव लिहायचं नाही हेही तेव्हाच ठरवलंय. नागपूरवाला एवढं पुरे.

१५ नोव्हें.
कागद केला. मीच लिहिला, 'दोन माणसांचे राहते घर. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी.' मिस्त्रीला वाचून दाखवला. "दोनच?" म्हणाला. कागदात आहे तेच, म्हटलं. अंगठा उठवून तो दाजीच्या गाडीत बसून गेला. सौ. आत होती. ऐकलं नसावं.

९ डिसेंबर
दाजी आला. पाया भरून झाला, दगड चांगला लावलाय म्हणतो. आता रोजे लागलेत, तर पहाटे काम सुरू करून दुपारी सोडतात. दोन वॅगन मिळाल्या.

२ जानेवारी १९३५
धाडचा एक गाडीवान भेटला. तुमच्या घराचं दार दक्षिणेला काढलंय, म्हणाला. दिवसभर कामात लक्ष नाही. अमरावतीच्या पावतीवर अकोला लिहिलं. चौतीस वर्षांत प्रथमच.

११ जाने.
दाजी म्हणतो, दार पूर्वेलाच आहे, तो गाडीवान मागच्या बोळातून गेला असेल. या गाडीवानाला पुन्हा काही विचारायचं नाही. पण न विचारता राहवतही नाही, हा माझा स्वभाव.

१५ जाने.
संक्रांतीचं नागपूरहून पत्र. आईच्या नावानं, पुडीत थोडे तीळ. सौ. ला वाचता येत नाही. मला दाखवलं नाही. शेजारच्या मास्तरीणबाईंकडे जाऊन वाचून घेतलं आणि डोळे पुसत आली. काय लिहिलंय ते मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं. तीळ माझ्या वाटीत होते, ते खाल्ले.

१७ फेब्रुवारी
व्हायचं ते झालं. दाजी चहा पिता पिता घराचं वर्णन करत होता. भिंती छातीएवढ्या, चौकटी बसल्या. सौ. नं विचारलं, आणि त्याची खोली कोणत्या बाजूला? दाजी माझ्याकडे बघू लागला. मग म्हणाला, कागदात दोघांचंच आहे, वहिनी.

दाजी गेल्यावर सौ. भांडली नाही. भांडली असती तर बरं होतं. चुलीपुढं बसून म्हणाली, "जिथं त्याले निजाले जागा नाही, तिथं मी येत नाही. तुम्ही जा. मी इथंच भाड्यानं राहीन." मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तिनं चुलीत लाकूड सारलं.

हट्टी आहे. चार दिवसांत निवळेल.

२८ फेब्रु.
निवळली नाही. घराचा विषय निघाला की उठून जाते. खोली वाढव असं मिस्त्रीला कळवायला एक कार्ड पुरे आहे. पण कळवायचं म्हणजे मी हरलो. आणि नागपूरवाला येणार आहे कुठं? त्यानं कधी येतो म्हटलंय?

१० मार्च, रवि.
लिहायला लाज वाटते, पण लिहितो. बुलढाण्यात लग्न आहे असं सांगून मोटरीनं घाट चढलो. लग्न होतं, खोटं नाही. अक्षता टाकल्या, न जेवता दुसऱ्या मोटरीनं धाडला. अट पाय न ठेवायची होती, डोळ्यांची नव्हती. म्हणून समोर रस्त्यावर लिंबाखाली छत्री घेऊन उभा राहिलो.

मिस्त्रीनं छत्री ओळखली. नुसता हात वर केला. सगळी माणसं खाली बसली. चुन्याचं घमेलं नेणाऱ्या बाईनं घमेलं आहे तिथंच ठेवलं. कोणी तंबाखू मळायला लागलं. मी उभा, ते बसलेले, पाव तास असाच गेला. शेवटी मीच निघालो. वळणावर गेलो तेव्हा मागं थापीचा आवाज सुरू झाला.

दिसली ती एक भिंत, ओळंब्यात सरळ. सौ. नं विचारलं, लग्नात जेवण काय होतं? जिलबी, म्हटलं.

६ एप्रिल
मिस्त्रीचा निरोप दाजीकरवी. कवेलू चढले. अक्षय तृतीयेला या, चाबी देतो.

३० एप्रिल
शेवटचा दिवस. साहेबांनी हार घातला, हमालांनी पेढे आणले. मालाची वही नव्या बाबूच्या हाती दिली. तो वीस-बावीस वर्षांचा आहे. सही करताना त्याचा हात थरथरला तेव्हा मला एकदम नागपूरवाला आठवला. पहिल्या दिवशी याच टेबलावर त्याचाही असाच थरथरला होता. मी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालो होतो, अशा अक्षरावर कोण माल सोडील. हे इतके दिवस माझ्या ध्यानात नव्हतं. किंवा होतं.

३ मे
बांधाबांध. सौ. म्हणाली, नारळ फोडण्यापुरती येते, बिऱ्हाडाचं भाडं महिन्याचं देऊन ठेवा. दिलं. सामानाचे नग मी लिहिले अकरा, बांधून झाले बारा. मोजले दोनदा. बाराव्यात, तिच्या लुगड्यात गुंडाळलेला, तिसरा पाट होता. परत बांधून ठेवला. यादीत बारा केले.

धाड, ५ मे, अक्षय तृतीया
मिस्त्रीनं चाबी सौ. च्या हातात दिली, माझ्या नाही. दार तिनंच उघडलं.

घर छान आहे. मान्य केलं पाहिजे. जोडे मी डावीकडे काढतो, तिथं डावीकडेच फरशी आहे. पाण्याचं मडकं सौ. चुलीपासून हात लांब करील तिथंच. चुलीवर धुराडं असं की पहिलाच धूर सरळ वर गेला. ओसरीत सकाळचं ऊन पेपर वाचायच्या जागेपर्यंत येतं आणि थांबतं. एक दिवस बसून या माणसानं चौतीस वर्षांचा संसार पाहिला.

मग मी घराला चक्कर मारली. उत्तरेच्या भिंतीचा कोपरा अर्धवट! एकाआड एक वीट बाहेर आलेली, खालपासून वरपर्यंत, दात काढल्यासारखी. आत येऊन बघतो तर माजघराच्या त्याच भिंतीत वरती चौकटीचं लाकूड बसवलेलं आणि खाली दारापुरत्या विटा चुन्याऐवजी साध्या मातीत रचलेल्या. मला संताप आला. पाहुण्यांसमोरच विचारलं, हे काय काम झालं? कागदाबाहेरचं आहे.

मिस्त्री शांतपणे म्हणाला, "कागदात दोन मानसं व्हती, बाबूजी. दोघांचं बांधून देल्लं. पन तुमच्या घरी म्या पाट तीन पाह्यले."

बाहेर सोडलेल्या विटांना खोली जोडता येते. मातीच्या विटा काढल्या की दार. त्याच भट्टीच्या विटा त्यानं मागं रचून ठेवल्यात. जोडायची असली तर मृगाच्या आत सांगा, म्हणाला, नाहीतर तो कोपरा चुन्यानं बंद करून देतो, कारण भिंतीत पाणी जाऊ द्यायचं नाही.

 सौ. त्या मातीच्या विटांपाशी उभी होती. नखानं थोडी माती उकरली. मग म्हणाली, "मिरगापर्यंत राहते."

९ मे
सगळं गाव येऊन भिंत बघून जातं. पैसे संपले का, विचारतात. नाही, म्हणतो. मग पुढं काय सांगावं कळत नाही.

१४ मे
कार्ड लिहायला घेतलं. फाडलं. माल आला की व्यापाऱ्याला कळवायच्या चिठ्ठ्या मी हजारांनी लिहिल्या असतील, 'आपला माल आला आहे, सोडवून न्यावा.' दुसरं काही लिहिता येत नाही असं दिसतं.

१७ मे
आणखी दोन फाडली. एकात मी त्याला उपदेश केला होता, दुसऱ्यात सौ. च्या तब्येतीचा बहाणा. सौ. ठणठणीत आहे.

२० मे
लिहिलं. नक्कल इथं ठेवतो:

'चि. मधुकर यास अनेक आशीर्वाद. धाडचे घर झाले. उत्तरेला एक खोली जोडावयाची राहिली आहे. खिडकी कोणत्या अंगाला हवी ते कळवावे, म्हणजे मिस्त्रीस सांगता येईल. कामाला उजेड लागत असेल. तुझी आई बरी आहे. मीही.'

नाव लिहिलं गेलं. खोडत नाही.

सौ. ला वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. मग स्वतः डाकवाल्याच्या हातात नेऊन दिलं.

३० मे
डाक आली. दाजीला पत्र आहे, मला नाही. मधुकर प्रवासात असेल, कार्ड पडून असेल. छापखान्यात सुट्टी नसेल. मालबाबू असताना मी लोकांना हीच कारणं सांगायचो, वॅगन अडकली असेल, पुढच्या गाडीनं येईल.

६ जून, गुरु.
आजच्या डाकेतही नाही. उद्या-परवा मृग. पश्चिमेला काळं झालंय.

दुपारी मिस्त्री चुना कालवून घेऊनच आला. "जवाब?" म्हणाला. मी मान हलवली. तो शिडी लावायला गेला. मी म्हटलं, चुना परत घेऊन जा. तो म्हणाला, पाणी जाईल भिंतीत, बाबूजी, माझ्या कामाला बट्टा लागेल. मी म्हटलं, पाणी जाऊ द्यायचं नाही हे मला कळतं, चौतीस वर्षं दुसरं काय केलं? उघड्यावरच्या गाठी कधी भिजू दिल्या नाहीत. दाजीच्या गाडीवरची ताडपत्री आणली आणि शिडीवर स्वतः चढलो. मिस्त्री हसला आणि दगड देत गेला. चार दगड वर ठेवले, दोर दोन बाजूंनी ताणून बांधले. सौ. नं खालून शिडी धरली होती. सोड म्हटलं तरी सोडली नाही.

मलकापूरच्या बिऱ्हाडाचं भाडं परवा संपलं. पुढचं पाठवू का, विचारलं. नको, म्हणाली.

जेवायच्या वेळी पाट मी मांडले. तिन्ही. सौ. वाढू लागली. पुढची डाक सोमवारी.