उजवा कौल

प्रिय उत्तराताई,

फोनवर हे सांगायला गेले असते तर तू दुसऱ्याच मिनिटाला जेवलीस का विचारलं असतंस, आणि मी हो म्हणून फोन ठेवला असता. म्हणून लिहितेय. तुझा प्रीतम उद्या इकडे डोंबिवलीत येणार आहे, त्याच्या हाती देईन. डोंबिवलीहून टिटवाळ्याला पत्र पाठवणारी वेडीच म्हणायची, पण सध्या घरात माझ्याबद्दल सगळ्यांचं तेच मत आहे.

गेल्या महिन्यात क्लासमध्ये पायथागोरसची सिद्धता फळ्यावर लिहिताना अडकले. बावीस वर्षं दहावीला भूमिती शिकवतेय, झोपेतून उठवलं तरी सांगेन असा माझा तोरा. आणि हातात खडू, मागे चौदा मुलं, डोकं कोरं. शेवटी करिश्मा नावाच्या मुलीने पुढची ओळ हळूच सांगितली. मुलं हसली नाहीत, त्याचाच जास्त राग आला. तेव्हापासून रोज क्लासच्या आधी सिद्धता तीनतीनदा लिहून बघते. झोप धड नाही, पहाटे घामाने उशी ओली. कोथिंबीर निवडता निवडता रडू येतं, कशासाठी ते मलाही माहीत नसतं. सकाळी डोळे उघडले की वाटतं, आजचा दिवस नको. हे घरात कुणाला सांगितलेलं नाही.

पाळी वर्षभर वेड्यासारखी पुढेमागे होतेय, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांकडे त्यावर उत्तरही आहे. सासूबाई म्हणतात, आमची गेली तेव्हा आम्हाला कळलंसुद्धा नाही. शेजारची शकू म्हणते, सूर्यनमस्कार घाल. संदेश म्हणतो, क्लास बंद कर, आराम कर. आराम! नवरा म्हणून वाईट नाही गं तो, पण या एका शब्दासाठी मला त्याच्या अंगावर पातेलं फेकावंसं वाटतं. परवा खरंच फेकलं. अंगावर नाही, सिंकमध्ये, पण फेकलं.

शेवटी कुणाला न सांगता ठाण्याला नौपाड्यातल्या एका डॉक्टरबाईकडे गेले. तिने अर्धा तास ऐकून घेतलं. म्हणाली, या वयात इस्ट्रोजेन कमीजास्त व्हायला लागतं, आणि मेंदूचा त्याच्याशी जवळचा संबंध असतो. झोप, आठवण, मन, सगळंच डळमळू शकतं. विसरायला होणं बहुतेकींचं पुढे सुधारतं. पण काहींना नैराश्य येतं, तुम्हाला आलंय, हा आजार आहे आणि त्याला औषध आहे. मी तिथेच रडले, सुटल्यासारखं वाटून. तिने गोळ्या लिहून दिल्या आणि येत्या शनिवारी घरच्या कुणाला तरी घेऊन यायला सांगितलं.

घरी येऊन सांगितलं तर काय व्हावं? संदेशने शुक्रवार रात्रीची गावची तिकिटं काढून ठेवलेली. गावच्या धाकूकाकांनी देवळातल्या गुरवाशी बोलून घेतलंय. शनिवारी देवीला गाऱ्हाणं घालायचं, कौल लावायचा. मी भांडले तर सासूबाई, संदेश, फोनवरून काका, सगळे एकच म्हणाले, उत्तराला गुण आला होता ना. ताई, या घरात माझ्या तोंडावर मारायला तुझंच नाव आहे. आणि मला उत्तर देता येत नाही, कारण ते मीच सगळ्यांना सांगितलेलं.

नऊ वर्षं झाली त्याला. तू एकोणपन्नासची होतीस, आज मी आहे. दिवसदिवस तू भिंतीकडे तोंड करून पडायचीस, प्रीतमच्या बारावीचंही तुला भान नव्हतं. ताई नाटकं करते, असं मी आईला म्हणाले होते. भाऊजींच्या मागे लागून तुला गावी याच देवीकडे नेलं तेही मीच. गुरवाने देवीला फुलं लावली, गाऱ्हाणं घातलं, सगळे श्वास रोखून उभे. उजवीकडचं फूल पडलं, देवीने होकार दिला, आणि मी तुझ्या गळ्यात पडून रडले. तू म्हणालीस, बरं वाटतंय. त्यानंतर कुणी तुला विचारलंच नाही. कौल उजवा पडल्यावर तुला आजारी राहायची सोयच उरली नाही. आता मला कळतं, नंतर दोन वर्षं तू कुणाच्या लग्नाला का आली नाहीस.

आता खरं लिहिते. कल्याणच्या डॉक्टरांनी दिलेल्या तुझ्या गोळ्या गावी जाताना प्रवासात हरवल्या, असं तुला वाटलं. तू सगळी बॅग उपसलीस, माझ्या पिशवीतही बघितलंस. हरवल्या नव्हत्या. तू झोपलेली असताना मी त्या काढून एसटीच्या खिडकीतून फेकल्या. देवीपुढे जाताना वेड्यांच्या गोळ्या कशाला, असा विचार केला मी, बीएस्सी झालेल्या बाईने. काल माझ्या गोळ्या डब्यामागे लपवल्या आणि तीनदा जागा बदलली, कारण या घरातही तसंच कुणीतरी असू शकतं. मी गावी जाणार नाही. शनिवारी चार वाजता नौपाड्याला जाणार आहे. त्याआधी घरी ये आणि संदेशसमोर सांग, की तुला तेव्हा बरं वाटलं नव्हतं. मला माफ केलं नाहीस तरी चालेल. रागावूनच ये, पण ये.

तुझ्या गोळ्या फेकणारी, तरीही तुझीच,
विनिता