सात गड्यांचा सामना

॥ श्री ॥
आचरे, ता. १९ ऑगस्ट १९८२

चि. रघुनाथ यास विठोबाकाकाचे पोटभर आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. कॉलेजचा पहिलाच फुटबॉल संघ, दुसऱ्या कॉलेजाशी पहिलाच सामना, आणि संपामुळे पोरं गावोगाव पांगून उरलात आठ जण! अरे, रडतोस काय? मंडळाच्या वाचनालयातल्या जाडजूड पुस्तकात मी वाचलंय. अमेरिकेत १८६९ साली दोन कॉलेजं पहिल्यांदा खेळली तेव्हा एकेका बाजूला पंचवीस गडी होते. नियम यजमानांचे, पाहुण्यांनी मुकाट मानले. म्हणजे अकरा हा आकडा काही देवाने दिलेला नाही. समोरच्या कप्तानाला सरळ लिही, आठ-आठ खेळू म्हणावं. माणूस असेल तर ऐकेल.

दुसरी गोष्ट. गिरणीत माणसं भरणारा धोंडू जॉबर घरी येऊन, पोराला काकाच्या मागांवर पाठवा म्हणाला, असं तुझ्या आईने, कौसल्यावहिनीने कळवलंय. त्याच्या गोडीला भुलू नकोस. सात महिने आम्ही बाहेर बसलोय ते माग बंद राहावेत म्हणूनच. मोह नको म्हणून मी गेटपासही तिथे खोलीतल्या गणपतीच्या तसबिरीमागे ठेवून आलो. तुला शिकवीन, असं दादाच्या उशाशी त्याच्या शेवटच्या दिवशी कबूल केलंय मी.

राधेला पापा, बहिणीला सांभाळ. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा काका,
विठोबा

॥ श्री ॥
मुंबई, ता. ३० ऑगस्ट १९८२

ती. विठोबाकाकांस रघुनाथचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र गिरणीच्या आतून लिहितोय. वाचून फाडा, पण आधी वाचा. गुरुवारी राधा शाळेत घेरी येऊन पडली. बाईंनी विचारलं तर म्हणे, जेवून आलेय. शुक्रवारी मी तसबीर उचलली. पासावर फोटो तुमचा. धोंडूने गेटवर त्याच्यावर अंगठा ठेवला आणि मी आत. आता बाहेर सोडत नाहीत. जेवण-झोप इथेच. घरी शिधा पोचतो.

काल सामना होता. जिन्याच्या खिडकीतून मैदानाचा कोपरा दिसतो. तुम्ही सांगितलेलं पत्र मी पाठवलं होतं, त्यात आठ लिहिले होते. आमचे सातच उभे राहिले. त्यांच्या कप्तानाने मोजले, आणि स्वतःचा एक गडी रेषेबाहेर नेऊन बसवला. काका, तो स्वतःच्या बाजूची जागा रिकामी करत होता, आणि मी तुमच्या जागेवर उभा होतो.

चिठ्ठी चहावाल्याजवळ देतोय. माझ्यावर थुंका, पण आईला बोल लावू नका. लोभ ठेवा म्हणायला तोंड नाही.

आपला,
रघु

॥ श्री ॥
आचरे, ता. ६ सप्टेंबर १९८२

चि. रघुनाथास आशीर्वाद, आधीइतकेच.

पत्र फाडलं नाही. दोन दिवस घराबाहेर पडलो नाही. तुझ्या काकीला वाटलं, ताप आला. शिव्या लिहायलाच बसलो होतो. मग मनात आलं, पोराला माझ्या मागांची काय माहिती? तर ऐक. भिंतीकडच्या मागाचा सूत वाहून नेणारा धोटा कधीकधी उजवीकडून बाहेर उडतो. माझा डोळा अधू झाला तो त्यानेच. सूत तुटलं तरी माग थांबल्याशिवाय वाकू नकोस. कानात कापूस घाल. सुटलास की पहिला कॉलेजात जा.

इथे गिरणीतले संपावरचे चौघे जण रोज पारावर भेटतात. त्यांना काही सांगितलेलं नाही, आणि त्यांच्या तोंडाकडे बघवतही नाही.

आत तुला माझ्याच नावाने हाक मारत असतील. ओ देत जा.

तुझा काका,
विठोबा